हिशेब बंद करण्याची तारीख

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मद्यजन्य यकृतविकारावर सुरू असलेल्या औषधचाचण्यांची बातमी गेल्या आठवड्यात आपल्या दैनिकात आली. चारच दिवसांनी त्यावर एका वाचकांचे पत्रही छापून आले. ज्यांनी हा आजार आपल्या हाताने ओढवून घेतला, त्यांच्यासाठी संशोधकांनी वर्षानुवर्षे का खपावे, असा त्या पत्राचा सवाल होता. बातमी वाचून मात्र वाटत होते की औषध आता दाराशीच येऊन उभे आहे. मला दोन्ही पटले नाही, म्हणून हे पत्र लिहायला बसले. अशाच एका चाचणीत माझा धाकटा भाऊ होता. त्या चाचणीच्या कागदांवर तो आजही जिवंत आहे. प्रत्यक्षात, चाचणीत त्याचे नाव नोंदवले त्या दिवसापासून मोजले तर २१४व्या दिवशी तो गेला.

माझी सगळी नोकरी लेखापरीक्षणात झाली. या कामात माणूस एक गोष्ट लवकर शिकतो: हिशेब कोणत्या तारखेला बंद केला, यावर नफा दिसतो की तोटा हे ठरते. आकडे खरे असतात, बेरीज बरोबर असते, कुणी काही लपवलेले नसते. तरीही तारीख चार आठवडे पुढे सरकवली की ताळेबंदाचे रूप पालटते. भावाच्या आजारपणात आणि तो गेल्यानंतर मला या विषयावरचे जे शोधनिबंध मिळाले ते मी वाचले, शब्द अडला तर डॉक्टरांना विचारले. तिथेही मला हीच तारखेची गोष्ट पुन्हा पुन्हा भेटली.

आधी घडले काय ते सांगते.

त्याला दाखल केले तेव्हा दारू बंद होऊन नऊ दिवस झाले होते. त्याने निश्चय करून सोडली असे नव्हे. अन्नच जात नव्हते, उठवत नव्हते, त्यामुळे ती आपोआप थांबली होती. डोळे मात्र रोज जास्तच पिवळे होत चालले होते. तो मला म्हणाला, "ताई, सोडली म्हणूनच हे झालं बघ. पीत होतो तेव्हा काही नव्हतं." त्याच्या या वाक्याने मी चिडले होते. पण डॉक्टरांनी समजावले की पुष्कळ रुग्ण असेच म्हणतात आणि त्यामागे कारण आहे. मद्यामुळे यकृताला जी तीव्र सूज येते, ती पिणे थांबले की लगेच उतरत नाही. कित्येकदा थांबल्यानंतरही काही आठवडे कावीळ चढत राहते.

आजार किती गंभीर आहे हे ठरवायला एक सूत्र आहे. रक्त गोठायला नेहमीपेक्षा जितके सेकंद जास्त लागतात त्यांना ४.६ने गुणायचे आणि त्यात बिलिरुबिनचा, म्हणजे काविळीत रक्तात वाढणाऱ्या पिवळ्या द्रव्याचा, आकडा मिळवायचा. उत्तर ३२ किंवा त्याहून जास्त आले तर आजार गंभीर. भावाचे रक्त २१ सेकंद घेत होते, प्रयोगशाळेचे प्रमाण १२ सेकंदांचे होते; बिलिरुबिन १४.२. हा हिशेब मी रिपोर्टच्या पाठीमागे स्वतः मांडला. उत्तर आले ५५.६. ते मी तीनदा तपासले, कारण ते चुकले असावे असे मला वाटत होते. हे सूत्रही एका चाचणीतूनच जन्मले आहे. १९७८ साली स्टेरॉईड या सूज दाबणाऱ्या औषधाच्या एका चाचणीत कोणते रुग्ण दगावतात हे पाहताना डॉ. मॅड्रे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याचे मूळ रूप मांडले. त्या चाचणीत जे दगावले त्यांची नावे मला कधी कळणार नाहीत, पण माझ्या भावाच्या खाटेशी ते सूत्र त्यांच्यामुळे पोचले.

तिसऱ्या दिवशी चाचणीचे डॉक्टर आले. भाऊ तेव्हा शुद्धीत होता आणि नव्हताही. वार विचारला तर महिना सांगायचा. हात पुढे करून पंजे वर उचलायला सांगितले की ते फडफडायचे. यकृताकडून साफ न झालेले रक्त मेंदूपर्यंत जाते तेव्हा असे होते. अशा माणसाची सही घेण्यात अर्थ नाही हे डॉक्टरांनी स्वतःच सांगितले आणि जवळची नातेवाईक म्हणून संमतीपत्र माझ्यापुढे ठेवले. पाने बरीच होती. मी सवयीने प्रत्येक पानावर पेन्सिलने खुणा करत गेले. नेहमीचे उपचार, त्यांत स्टेरॉईडही, सगळ्यांना मिळणार होते. त्याशिवाय निम्म्यांना नवे औषध आणि निम्म्यांना तसेच दिसणारे, पण औषध नसलेले सलाईन. कुणाला काय मिळणार हे संगणक ठरवणार. डॉक्टरांना कळणार नाही, परिचारिकेला नाही, आम्हालाही नाही.

मला राग आला. मरणाच्या दारात असलेल्या माणसावर तुम्ही चिठ्ठ्या टाकणार का, असे मी विचारले. ते डॉक्टर वयाने माझ्या मुलासारखे होते. ते खाली बसले आणि म्हणाले, "ताई, हे औषध चांगलंच आहे असं मला ठाऊक असतं, तर मी चिठ्ठी टाकली नसती. सरळ दिलं असतं. ते वाईट आहे असं ठाऊक असतं, तर तुमच्याकडे आलोच नसतो. मला खरंच माहीत नाही."

एवढे सरळ उत्तर त्या आठवड्यात मला दुसऱ्या कुणाकडून मिळाले नव्हते. मी सही केली. सहाव्या दिवशी भावाची शुद्ध नीट परतली, तेव्हा तेच डॉक्टर पुन्हा आले. त्याला सगळे पहिल्यापासून समजावले आणि "तुम्हाला नको असेल तर आजच बाहेर पडता येईल, उपचार थांबणार नाहीत," असे सांगितले. त्याने वाकड्यातिकड्या अक्षरात सही केली. इथपर्यंतच्या त्यांच्या वागण्यात मला एकही खोट काढता येत नाही, आणि ती काढण्यासाठी मी लिहीतही नाही.

त्या डॉक्टरांचे "मला माहीत नाही" किती खरे होते हे मला नंतर उमगले. २००० साली १०१ रुग्णांवरच्या एका चाचणीत पेंटॉक्सिफायलिन हे औषध फार गुणकारी वाटले होते. ते न मिळालेल्यांपैकी ४६ टक्के दगावले, मिळालेल्यांपैकी २४ टक्क्यांच्या आसपास. पुढे पंधरा वर्षे ते जगभर दिले जात होते. मग ब्रिटनमधल्या ६५ रुग्णालयांनी मिळून ११०३ रुग्णांची चाचणी केली. तिला स्टोपाह म्हणतात आणि तिचा निष्कर्ष २०१५मध्ये प्रसिद्ध झाला. तिच्यात पेंटॉक्सिफायलिनचा काहीही उपयोग दिसला नाही.

याहून अस्वस्थ करणारी हकीगत इटानरसेप्टची आहे. यकृताला सूज आहे, तेव्हा सूज पेटवणारा रेणूच अडवावा, हा विचार कुणालाही पटेल असा होता. ४८ रुग्णांवर तो करून पाहिला, २००८मध्ये निष्कर्ष आला. सहा महिन्यांनी औषध मिळालेल्यांपैकी जवळजवळ ५८ टक्के दगावले होते, न मिळालेल्यांपैकी २३ टक्के. सुजेबरोबर शरीराची जंतूंशी लढण्याची ताकदही दबली होती. अलीकडे अॅनाकिनरा हे सूज दाबणारे औषध आणि जस्त ही जोडी स्टेरॉईडच्या तुलनेत १४७ रुग्णांवर तपासली गेली. ती चाचणी मध्येच थांबवावी लागली. ९० दिवसांनी स्टेरॉईडच्या गटातले ९० टक्के रुग्ण जिवंत होते, नव्या औषधांच्या गटातले ७० टक्के.

चाचणीत चिठ्ठी का टाकावी लागते, ते या हकीगतींमधून मला समजले. ती नसती तर ही औषधे आपण आशेने देत राहिलो असतो आणि माणसे त्या औषधाने गेली की आजाराने, हे कधीच कळले नसते.

आता त्या वाचकांच्या प्रश्नाकडे येते. उत्तर थोडक्यात देते, कारण माझे मुख्य म्हणणे वेगळे आहे. वर्षानुवर्षे सारखीच पिणाऱ्या दोघांपैकी एकाचे यकृत निकामी होते आणि दुसऱ्याचे होत नाही, हे आपण आजूबाजूला पाहतो. पीएनपीएलए३ नावाच्या जनुकाचा एक प्रकार जन्मापासून ज्यांच्यात असतो, त्यांना हा धोका जास्त असतो. बायकांचे यकृत तुलनेने कमी दारूनेही बिघडते. जबाबदारी माझ्या भावाची होती, हे मी त्याच्या तोंडावर सांगितले आहे. त्यासाठी मला कुणाच्या पत्राची गरज नव्हती. पण पंचेचाळिसाव्या वर्षी मरण, ही त्या जबाबदारीची शिक्षा कोणत्या न्यायाने ठरली, हे मला त्या वाचकांना विचारायचे आहे. उपचार द्यायचा की नाही हे ठरवण्याआधी रुग्णाच्या चारित्र्याचा दाखला मागायचा, असे एकदा सुरू झाले की ते कावीळ झालेल्यांपाशी थांबणार नाही.

माझे खरे म्हणणे तारखेविषयी आहे.

स्टोपाहमध्ये स्टेरॉईडही तपासले होते. तिचा मुख्य प्रश्न होता: २८व्या दिवशी किती जण जिवंत आहेत? स्टेरॉईड न मिळालेल्या दोन गटांत (एक पेंटॉक्सिफायलिनशिवाय, दुसरा त्यासह) मृत्यूचे प्रमाण १७ आणि १९ टक्के होते, मिळालेल्या तशाच दोन गटांत १४ आणि १३ टक्के. फरक होता, पण योगायोगाची शक्यता पूर्ण बाद करण्याइतका नव्हता. उलट गंभीर जंतुसंसर्ग स्टेरॉईडवाल्यांत १३ टक्के, इतरांत ७ टक्के. आणि ९० दिवसांनी व वर्षाने पाहिले तर जगण्यात स्टेरॉईडचा काहीच फायदा उरला नव्हता. ज्यांची वर्षभराची माहिती मिळाली, त्यांच्यातले निम्म्याहून अधिक लोक एक तर दगावले होते किंवा त्यांना यकृत बदलावे लागले होते. फ्रान्समध्ये स्टेरॉईडच्या जोडीला एन-अॅसिटिलसिस्टीन हे दुसरे औषध देऊन १७४ रुग्णांची चाचणी झाली, ती २०११मध्ये प्रसिद्ध झाली. महिन्याअखेरीस मृत्यू ८ टक्के विरुद्ध २४ टक्के, म्हणजे एक तृतीयांश. सहा महिन्यांनी २७ विरुद्ध ३८, आणि तो फरक आता खात्रीचा राहिला नाही.

पहिल्या महिन्याला हिशेब बंद केला तर एक चित्र, सहाव्या महिन्याला केला तर दुसरे. असे का होत असावे? काही जण यकृताची उरलेली ताकद संपल्यामुळे जातात, काही जंतुसंसर्गाने. पण पहिले तीन महिने तगलेल्या माणसाचे पुढे काय होणार, हे सर्वांत जास्त कशावर अवलंबून असते, याबद्दल मी विचारलेल्या प्रत्येक डॉक्टरांनी एकच उत्तर दिले आणि शोधनिबंधही तेच सांगतात: तो पुन्हा पितो की नाही यावर.

आणि चाचणी नेमकी याच बाबतीत काही करत नाही.

भावाची बिलिरुबिन उतरू लागली. सातव्या दिवशी लील नावाचा एक हिशेब करतात. स्टेरॉईड लागू पडते आहे की थांबवावे, हे त्यावरून कळते. ते लागू पडत होते. घरी आला तेव्हा पायांवरची सूज ओसरली होती. चाचणीने त्याला एक वही दिली होती. त्यात रोजचे वजन, ताप, झोप, खाणे लिहायचे. ते त्याने मन लावून लिहिले. खाण्याबाबत तर मीच त्याच्या मागे लागे. २०१६मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत, ज्यांच्या पोटात दर किलो वजनामागे दिवसाला २१.५ कॅलरींपेक्षा कमी गेले, त्यांच्यातले मृत्यू बाकीच्यांच्या जवळजवळ दुप्पट होते, हे मी वाचले होते. मी रोज रात्री बेरीज करून त्याला सांगायची, आणि तो "लेखापरीक्षक आले" म्हणत उरलेले संपवायचा.

२८व्या दिवशी तपासणीला गेलो. रक्ताच्या बारा नळ्या घेतल्या. सोनोग्राफी झाली. वजन, रक्तदाब, हात पुढे करून पंजे. शेवटी एक प्रश्नावली, तिच्यात एक ओळ: "मागील भेटीनंतर मद्यसेवन: होय / नाही." त्याने नाहीवर खूण केली. ती खरी होती. ९०व्या दिवशी पुन्हा तेच. तीही खरी होती. या दोन भेटींच्या मध्ये त्याने मला दोनदा सांगितले होते की संध्याकाळी साडेसहा ते आठ हा वेळ जात नाही, हात शिवशिवतात, घाम येतो, कुणाशी तरी बोलावेसे वाटते. हे मी परिचारिकेला सांगितले. त्या भल्या बाई होत्या. त्या म्हणाल्या, "हे आमच्या फॉर्ममध्ये बसत नाही हो, पण मी डॉक्टरांच्या कानावर घालते." डॉक्टरांनी मानसोपचार विभागाला चिठ्ठी लिहून दिली. तिथे दीड महिन्यानंतरची तारीख मिळाली. तिथल्या डॉक्टरांनी सगळे ऐकून घेतले, यकृताचे रिपोर्ट पाहिले आणि म्हणाले की एवढ्या खराब यकृताच्या रुग्णाला आमच्याकडची औषधे द्यायला आम्हाला भीती वाटते, आधी यकृताच्या डॉक्टरांची परवानगी आणा. यकृताचे डॉक्टर म्हणाले, हा विषय त्यांचा. आम्ही दोन दारांच्या मधल्या व्हरांड्यात उभे राहिलो. मी हे रूपक म्हणून लिहीत नाही. तो खराच एक व्हरांडा होता, त्यात तीन खुर्च्या होत्या, आणि तिथे बसून भाऊ म्हणाला, "ताई, चल घरी."

१८०व्या दिवसाची भेट फोनवर होती. मी त्याच्या शेजारी बसले होते. पलीकडून विचारले, काही त्रास? नाही. दवाखान्यात दाखल व्हावे लागले? नाही. दारू घेता का? त्याने माझ्याकडे पाहिले आणि म्हणाला, "नाही."

तेव्हा त्याला पुन्हा सुरू करून पाच आठवडे झाले होते. मला ठाऊक होते आणि मी गप्प बसले. फोन खेचून घ्यायला हवा होता, हे मला आजही वाटते. पण फोनवरच्या व्यक्तीचाही त्यात काय दोष? तिच्यासमोर एक चौकट होती, तिने ती भरली. गेल्या काही आठवड्यांत माणूस प्यायला आहे का हे सांगणारी रक्ताची एक तपासणी आहे, तिला थोडक्यात पेथ म्हणतात. ज्या चाचणीने बारा-बारा नळ्या रक्त घेतले, तिला तेरावी नळी जड नव्हती. पण रक्तात सापडली असती तरी पुढे काय? त्याला मदत करणारे कुणी त्या चाचणीच्या रचनेतच नव्हते.

तो गेल्यावर महिन्याभराने मी स्वतः चाचणीच्या कार्यालयात फोन केला. वाटले, त्यांच्या वहीत खरे काय ते असावे. तिथल्या ताईंनी संगणकावर पाहिले आणि हळू आवाजात म्हणाल्या, "बाई, त्यांची नोंद १८०व्या दिवशी 'जिवंत, मद्यमुक्त' अशी बंद झाली आहे. आता ती उघडता येत नाही."

संपादक महोदय, मी आयुष्यभर ज्या चुका शोधल्या त्यांत कुणाची तरी लबाडी असायची. इथे लबाडी कुणाचीच नव्हती, माझ्या भावाच्या त्या एका शब्दाखेरीज.

कुणी म्हणेल, दारू सोडवणे हा वेगळा विषय, त्याच्या वेगळ्या चाचण्या होतात. होतात खऱ्या. पण दारू सोडवणाऱ्या औषधांच्या चाचण्यांत गंभीर यकृतविकार असलेल्यांना बहुतेक वेळा घेतच नाहीत. त्याला कारणे आहेत. त्यांतले डायसल्फिरॅम स्वतःच यकृताला इजा करू शकते. नाल्ट्रेक्सोनबद्दलही डॉक्टर कचरतात. म्हणजे व्यसनाच्या चाचणीतून यकृतामुळे बाहेर, आणि यकृताच्या चाचणीत व्यसनाकडे दुर्लक्ष. ज्यांना दोन्ही आहे, आणि या आजारात व्याख्येनेच दोन्ही असते, त्यांच्यासाठी मधला व्हरांडा.

हे अशक्य आहे म्हणून होत नाही, असेही नाही. २००७ साली इटलीतल्या डॉ. अदोलोरातो यांच्या गटाने सिरोसिस, म्हणजे यकृत कायमचे घट्ट होऊन निकामी होत जाण्याचा आजार, झालेल्या ८४ रुग्णांना घेऊन दारूची ओढ कमी करण्यासाठी बॅक्लोफेन या औषधाची चाचणी केली. हे औषध मुख्यतः मूत्रपिंडावाटे बाहेर पडते, यकृतावर त्याचा फारसा भार नसतो. बारा आठवड्यांनी औषध घेणाऱ्या ४२ पैकी ३० जण दारूपासून दूर राहिले होते, न घेणाऱ्या ४२ पैकी फक्त १२. पुढे अमेरिकेत हिपॅटायटिस सी असलेल्या माजी सैनिकांवर तेच औषध तपासले, तेव्हा फायदा दिसला नाही. मेंदूवर परिणाम झालेल्या रुग्णांना ते देणे धोक्याचेही ठरू शकते. म्हणजे प्रश्न सुटलेला नाही, तो तपासत राहावा लागेल. पण "अशा रुग्णांवर ही चाचणी करताच येत नाही" हे म्हणणे मात्र २००७ सालीच खोटे ठरले आहे.

दुसरे उदाहरण यकृत प्रत्यारोपणाचे. सहा महिने दारू सोडल्याशिवाय यकृत मिळणार नाही, असा नियम बहुतेक ठिकाणी होता. आणि स्टेरॉईड लागू न पडलेल्या रुग्णाजवळ सहा महिने नसतात. फ्रान्स आणि बेल्जियममधल्या सात केंद्रांनी अशा २६ रुग्णांना न थांबता यकृत दिले. २०११मध्ये त्याचा अहवाल आला. सहा महिन्यांनी ७७ टक्के जिवंत होते. तशाच स्थितीतल्या, पण प्रत्यारोपण न झालेल्यांपैकी २३ टक्के. या २६ पैकी तिघे पुढे पुन्हा प्यायले. निवड फार कडक होती, हे खरे. दाखल झालेल्यांपैकी दोन टक्केही निवडले गेले नव्हते. पण निवडताना त्यांनी काय पाहिले? घरचे लोक पाठीशी आहेत का, माणसाची पुढे दारूपासून दूर राहण्याची तयारी आहे का. म्हणजे यकृत द्यायचे तेव्हा माणसाचे व्यसन आणि त्याचे घर या दोन्हींचा विचार करणे डॉक्टरांना आवश्यक वाटले. मग तोच विचार गोळी आणि सलाईन तपासताना का सुटतो?

माझ्या मागण्या मोठ्या नाहीत. या आजारावरच्या कोणत्याही औषधाच्या चाचणीत, दोन्ही गटांतल्या प्रत्येक रुग्णाला दारूपासून दूर राहण्यासाठीचा उपचार पहिल्या दिवसापासून, त्याच छताखाली मिळावा. दोन्ही गटांना सारखाच मिळाला तर औषधाच्या तुलनेला बाध येत नाही, हे मला त्याच तरुण डॉक्टरांनी मान्य केले. पिण्याची चौकशी फोनवर होय-नाहीत उरकू नये. रक्त तपासावे, आणि ते पकडण्यासाठी नव्हे तर वेळेत मदत पाठवण्यासाठी तपासावे. शेवटची नोंद किमान एक वर्षाने व्हावी आणि ती नातेवाइकांकडूनही पडताळून घ्यावी. आणि निकाल आम्हाला कळवावा. १९६४ साली हेलसिंकीत जागतिक वैद्यकीय संघटनेने मानवी संशोधनाची जी तत्त्वे मांडली, त्यांच्या पुढच्या आवृत्त्यांत स्पष्ट लिहिले आहे की सहभागी झालेल्यांना निष्कर्ष जाणून घेण्याची संधी दिली पाहिजे. माझ्या भावाच्या शिरेत औषध गेले होते की नुसते सलाईन, हे मला अजून माहीत नाही.

हे सगळे वाचून कुणी चाचणीच्या कागदावर सही करायला कचरू नये. आज तोच कागद पुढे आला तर मी पुन्हा सही करीन. फक्त सही करण्याआधी आता तीन प्रश्न विचारीन. ९० दिवसांनंतर याला कोण पाहणार? संध्याकाळी साडेसहाला याचे हात शिवशिवले तर फोन कुणाला करायचा? आणि तुमची वही कोणत्या तारखेला बंद होते?

माझे नाव व गाव कृपया छापू नये. भावाची मुलगी शिकते आहे. पाठवण्याआधी हे पत्र मी तिला दाखवले. तिने व्हरांड्याच्या ओळीपाशी पेन्सिलने खूण केली आणि म्हणाली, त्या दिवशी तिसऱ्या खुर्चीवर मी होते, ते लिही. म्हणून लिहिले.

आपली,
एक निवृत्त लेखापरीक्षक
(नाव संपादकांकडे)